कोणत्या जखमेला कोणती पट्टी?

भाजी चिरताना बोटाला विळी लागते, नवी चप्पल टाच सोलते, खेळताना मुलाचा गुडघा खरचटतो. अशा वेळी घराघरांत हात जातो तो औषधाच्या डब्यातल्या चिकटपट्टीकडे. ही पट्टी 1920 साली अमेरिकेत जन्मली. ‘जॉन्सन अँड जॉन्सन’मधील अर्ल डिक्सन यांच्या पत्नीला स्वयंपाकघरात वारंवार कापायचे, भाजायचे. तिला एकटीला बांधता यावी म्हणून त्यांनी चिकट फितीवर गॉजचे तुकडे लावून ठेवले. तीच पुढे ‘बँड-एड’ झाली.

‘जखम उघडी ठेवा, हवा लागली की लवकर सुकते,’ हा समज आजही घट्ट आहे. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये प्राण्यांवरील प्रयोगातून दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने येते. खपली कोरडी पडली, की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. ओलाव्यात त्या सहज सरकतात. मात्र ओलसर म्हणजे घामाने चिंब नव्हे.

पट्टी लावण्याआधी स्वच्छ कापडाने जखम दहा मिनिटे सलग दाबून धरावी. रक्त थांबले का, हे पाहायला मध्येच कापड उचलू नये. मग नळाच्या पाण्याने माती, कचरा धुऊन काढावा. हळद, कॉफी, चुना किंवा टूथपेस्ट भरू नये. त्यातून जंतू आत जाऊ शकतात आणि जखम किती खोल आहे, हेही डॉक्टरांना दिसत नाही. भोवतालची त्वचा कोरडी केल्यावरच पट्टी चिकटते.

पट्टी निवडताना आधी गादी पाहावी. ती जखमेपेक्षा सर्व बाजूंनी थोडी मोठी हवी. चिकट भाग जखमेवर येता कामा नये. बोटाच्या पेरावर, गुडघ्यावर ताणली जाणारी कापडी पट्टी टिकते. भांडी घासणाऱ्या हाताला जलरोधक पट्टी बरी, पण आत पाणी शिरले तर ती लगेच बदलावी. उपाहारगृहांत निळी पट्टी वापरतात. कारण अन्नात पडली तर ती चटकन दिसते. चपलेच्या फोडाला जेलसारखी, हायड्रोकोलॉइड पट्टी आराम देते, मात्र पू झालेल्या जखमेवर ती लावू नये. फोड स्वतःहून फोडू नये. वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ असते, पट्टी ओढताना तीच सोलून निघते. त्यांच्यासाठी न चिकटणारे गॉज आणि वरून सैल बांधलेली पट्टी योग्य. पट्टीखाली खाज किंवा तिच्याच आकाराचा लाल चट्टा आला, तर चिकटद्रव्याची ॲलर्जी असू शकते.

बोटाभोवती पट्टी आवळून गुंडाळू नये; सूज आली की रक्तपुरवठा अडतो. पट्टी रोज, आणि भिजली किंवा मळली की लगेच बदलावी. काढताना कोमट पाण्याने भिजवून, केसांच्या दिशेने हळू काढावी.

काही जखमा मात्र पट्टीखाली झाकून ठेवणे धोक्याचे असते. कुत्रा किंवा मांजर चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी, पट्टी न बांधता त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. मधुमेहींना पायाला लागलेले कळतच नाही. त्यांच्या पायाची लहान जखमही डॉक्टरांना दाखवावी. पायाला जखम असताना पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. मुंबईकर तो दर पावसाळ्यात अनुभवतात. अशा वेळी पाय धुऊन, कोरडे करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू करावे लागते. पट्टी जलरोधक असली, तरी तिच्यावर विसंबू नये.

धनुर्वाताच्या लसीचे वेळापत्रक पूर्ण झालेले असले, तरी स्वच्छ जखमेसाठी शेवटचा डोस 10 वर्षांच्या आतला हवा, आणि माती-शेण लागलेल्या किंवा खोल जखमेसाठी 5 वर्षांच्या आतला. डोस कधी घेतला हे आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे. दाबूनही रक्त न थांबणे, जखमेच्या कडा उघड्या राहणे, आत काही रुतलेले असणे, वाढती लाली, पू किंवा ताप ही लक्षणे दिसली, तर नवी पट्टी लावण्यात वेळ घालवू नये. सरळ रुग्णालयात जावे.