‘रामदास’ आगबोटीचें नित्यकर्म

धर्मशास्त्रांत कर्मांचे नित्य व नैमित्तिक असे भेद सांगितले आहेत. नौकांच्या इतिहासांत आपण नैमित्तिक तेवढें लिहितों, नित्य विसरतों. ‘रामदास’ आगबोटीचें तसेंच झालें. ती इ. स. १९३६ सालीं इंग्लंडांत स्वॉन हंटर यांच्या कारखान्यांत बांधली गेली. कोंकणकिनाऱ्यावरील उतारूंची ने-आण हें तिचें काम. त्या काळीं किनाऱ्यावरील अनेक बंदरांत आगबोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यांत उभी राही व उतारू पडावांतून तिच्यापर्यंत जात. रस्ते थोडे, खाड्या फार; म्हणून चाकरमान्यांचें व त्यांच्या बोचक्यांचें येणेंजाणें बहुधा जलमार्गानेंच होई.

ता. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं मुंबईहून रेवसकडे जातांना काश्याच्या खडकाजवळ वादळांत ती कलंडून बुडाली. सहाशेंहून अधिक मनुष्यें गेलीं. पुढें तिचें नांव त्या एका सकाळीपुरतेंच उरलें.

आमचे संग्राहक मोडी रुमाल जिवापाड जपतात. परंतु कोंकणांतील घरोघरचीं आगबोटीचीं तिकिटें, भाडेपत्रकें व प्रवासाचा उल्लेख असलेलीं पत्रें रद्दींत जातात. तीं वेळींच जमवावींत. तीं गेलीं म्हणजे ‘रामदास’चीं अकरा वर्षें दुसऱ्यांदा बुडालीं असें समजावें.