वेव्ह, टाइड आणि करंट

समुद्राचे पाणी सतत हलत असते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण इंग्रजीतून विज्ञान वाचू लागल्यावर 'वेव्ह', 'टाइड' आणि 'करंट' हे तीन शब्द समोर येतात आणि विद्यार्थी ते एकमेकांच्या जागी वापरू लागतात. या गोंधळापायी परीक्षेतला एखादा गुण जातो. पोहायला उतरलेल्याचा जीवही जाऊ शकतो.

हे शब्द समजून घेण्यासाठी आपण मालवणच्या धक्क्यावर जाऊ. समोर सिंधुदुर्ग किल्ला आहे आणि जवळच पाण्यावर एक नारळ तरंगतो आहे. लाट आली की तो वर उचलला जातो, गेली की खाली येतो. पण राहतो जवळजवळ तिथल्या तिथेच. म्हणजे लाटेबरोबर पाणी फारसे पुढे जात नाही, ऊर्जा पुढे जाते. ही ऊर्जा बहुतेक वेळा वाऱ्याकडून मिळते. ही झाली 'वेव्ह'. एका लाटेमागून दुसरी यायला काही सेकंदच लागतात.

आता धक्क्याच्या पायऱ्या पाहू. भरतीला बुडालेल्या पायऱ्या सुमारे सहा तासांनी उघड्या पडतात. चंद्र आणि सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राच्या पातळीत होणारा हा चढउतार म्हणजे 'टाइड'. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. 'स्प्रिंग टाइड'चा वसंत ऋतूशी काही संबंध नाही. ती अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी आपली उधाणाची भरती. 'नीप टाइड' म्हणजे अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती. त्सुनामीला इंग्रजीत पूर्वी 'टायडल वेव्ह' म्हणत, तेही चुकीचेच. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी समुद्रतळाच्या भूकंपाने उसळली होती. चंद्राचा तिच्याशी संबंध नव्हता.

तोच नारळ एका दिशेने वाहत निघाला, तर तो 'करंट'. येथे पाणी खरोखरच जागा बदलते. देवबागला ओहोटीच्या वेळी कर्ली खाडीतून समुद्राकडे धावणारे पाणी हा टाइडमुळे निर्माण झालेला करंट आहे.

खरा धोका 'रिप करंट'चा. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने परत फिरते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, त्यामुळे तेथले पाणी शांत वाटते आणि अनोळखी माणूस नेमका तेथेच उतरतो. याला कित्येकजण 'रिप टाइड' म्हणतात. त्यामुळे भरतीची वेळ पाहिली की आपण सुरक्षित, असा समज होतो. पण लाटा फुटत असतील तर हा प्रवाह भरतीलाही असू शकतो, ओहोटीलाही. तो माणसाला तळाशी ओढत नाही, आत समुद्राकडे नेतो. सरळ किनाऱ्याकडे पोहणारा त्याच्याशी झुंजून दमतो आणि बुडतो. अशा वेळी घाबरून न जाता तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे.

वर्गात व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत : काय हलते? कोणामुळे? किती वेळाने परत येते? शक्य असेल तर मुलांना धक्क्यावर न्यावे आणि दर अर्ध्या तासाला बुडालेल्या पायऱ्या मोजून वहीत मांडायला सांगावे. मग हे तीन शब्द पुन्हा एकमेकांत मिसळणार नाहीत.