पाना पडला, तर आधी सांग

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला गेलात की जायकवाडीची भिंत दिसते. सुमारे 10 किलोमीटर लांब, 41 मीटर उंच. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिची पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन. नाथसागराचं पाणी आपण पितो, शेताला देतो, हिवाळ्यात पक्षी पाहायला काठावर जातो. पण या भिंतीचा बहुतेक भाग मातीचा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. मातीचं धरण म्हणजे थरावर थर. माती आणायची, पसरायची, दाबायची, मग पुढचा थर. अशी कामं माणसांच्या घामाबरोबर ज्या यंत्रांनी पेलली, ती म्हणजे चेनवर चालणारे ट्रॅक्टर. पुढे पातं लावलं की आपण त्याला बुलडोझर म्हणतो. मिस्त्री नुसतंच डोझर म्हणतात.

या यंत्राचा जन्म चिखलातला. कॅलिफोर्नियाच्या मऊ जमिनीत वाफेच्या ट्रॅक्टरची जड चाकं रुतायची. बेंजामिन होल्टनं चाकांच्या जागी फिरते पट्टे बसवले आणि 1904च्या नोव्हेंबरात ते चालवून पाहिले. आपल्याकडे 1947 साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना निघाली. कांस नावाच्या चिवट गवतानं व्यापलेली जमीन खोल नांगरून मोकळी करायची, हे तिचं काम. 1949 साली जागतिक बँकेनं भारताला शेतीच्या यंत्रांसाठी 1 कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते याच कामासाठी. 1964 साली भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि डोझर देशातच बनू लागले.

मी कवितेचा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण माझं लहानपण मिस्त्र्यांच्या मोहल्ल्यात गेलं. तिथं जे पाहिलं, ऐकलं आणि पुढे विचारून घेतलं, त्यातलं थोडं आज सांगतो.

जुन्या डोझरला स्टिअरिंगचं चाक नसतं. चालकापुढे दोन दांडे असतात आणि पायाशी दोन ब्रेक. डावा दांडा ओढला की डाव्या चेनचा इंजिनाशी संबंध तुटतो. उजवी चेन चालत राहते आणि यंत्र डावीकडे वळतं. अगदी जागच्या जागी वळायचं असेल, तर डावा ब्रेकही दाबायचा. शेतकऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. औत वळवताना आतल्या बैलाला थोपवायचं आणि बाहेरच्याला हाकायचं, तशातलाच हा प्रकार.

चेनचा संबंध तोडणारा जो भाग, त्याला स्टिअरिंग क्लच म्हणतात. दोन चेन, दोन क्लच. भाकऱ्यांची चवड डोळ्यांपुढे आणा. एक चकती पोलादी, दुसरी अस्तर लावलेली, पुन्हा पोलादी, पुन्हा अस्तराची. जाड स्प्रिंगा ही चवड घट्ट दाबून धरतात आणि इंजिनाची ताकद चेनपर्यंत पोचते. दांडा ओढला की स्प्रिंगांचा दाब उठतो आणि चकत्या सुट्या होतात.

आता यातली खरी मेख. दांडा ओढताना पहिले दोन-तीन इंच तो रिकामाच यायला हवा, जोर त्यानंतर लागायला हवा. नेमकं माप त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. या रिकाम्या अंतराला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. नवशिक्याला वाटतं, दांडा ढिला आहे, कसला पाहिजे. पण ही ढील मुद्दाम ठेवलेली असते. काम करता करता चकत्यांचं अस्तर झिजतं, चवड पातळ होते आणि दांड्याची ढील कमी कमी होत जाते. ती पूर्ण संपली, की दांड्याला हात न लावताही क्लच अर्धवट सुटलेला राहतो. मग पात्यापुढे माती आली की इंजिन गुरगुरतं, पण त्या बाजूची चेन ओढत नाही. चकत्या घासतात, तापतात, जळका वास येतो. उलट ढील जास्त झाली, तर दांडा पूर्ण ओढूनही क्लच सुटत नाही आणि यंत्र वळत नाही.

सपाट रानात यानं फार तर काम खोळंबतं. उतारावर जीव जातो. एक तर उताराची वेगळीच गंमत आहे. चढावर किंवा सपाटीवर उजवा दांडा ओढला की यंत्र उजवीकडे वळतं. पण उतारावर यंत्र आपल्या वजनानं खाली धावत असतं आणि इंजिन त्याला मागून आवरत असतं. तिथं ब्रेक न दाबता उजवा दांडा ओढला, तर उजव्या चेनचा आवर सुटतो, ती पुढे पळते आणि यंत्र डावीकडे वळतं. जाणता चालक हे ओळखून असतो. पण त्याच्या हातातला क्लच धड सुटत नसेल किंवा धड धरत नसेल, तर त्याचं जाणतेपण काय कामाचं?

म्हणून ढील वेळोवेळी मोजून जुळवावी लागते. यंत्र सपाटीवर उभं करायचं, पातं जमिनीला टेकवायचं, इंजिन बंद करायचं, चेनखाली अडसर घालायचा. झाकणावरची माती आधी पुसायची, मग झाकण उघडायचं. आतला लॉकनट सैल करून जुळणीचा नट थोडा थोडा फिरवायचा, दर वेळी वर येऊन दांडा ओढून पाहायचा. दोन्ही दांड्यांची ढील सारखी आली की लॉकनट कसायचा. क्लच झाल्यावरच ब्रेक जुळवायचे, आधी नाही.

वाचायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात ती जागा बहुधा सीटखाली, हात कसाबसा जाईल एवढी. उजेड नाही, बोटांना ग्रीस. अशा वेळी पाना निसटतो. आतून ‘टण्ण’ असा आवाज येतो आणि सगळे क्षणभर गप्प होतात.

पहिला नियम, इंजिनाला हात लावायचा नाही. ‘चालू केलं की आपोआप बाजूला पडेल’ असं म्हणणारा एक तरी भेटतोच. फिरता ड्रम आणि बाहेरचं कवच यांच्यात पाना अडकला, तर बिडाचं कवच तडकतं. दुसरं, तो पडला कुठे ते ठरवायचं. क्लचच्या कोरड्या कप्प्यात, की शेजारच्या गिअरच्या तेलात? बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन बघायचं. दिसला तर तारेचा आकडा किंवा दोरीला बांधलेलं चुंबक सोडायचं. चुंबक वाटेतल्या प्रत्येक लोखंडाला चिकटतं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या नळीत बसवून फक्त तोंड उघडं ठेवतात. पितळ, ॲल्युमिनियम आणि चिंधी चुंबकाला दाद देत नाहीत, तिथं आकडाच हवा. वस्तू तेलात गेली असेल, तर खालचा बूच काढून तेल स्वच्छ भांड्यात गाळून घ्यायचं. तरीही मिळाली नाही, तर सीट काढा, टाकी काढा, पण शोधा. एक दिवस गेला तरी चालेल.

त्याहून बरं म्हणजे पाना पडूच न देणं. पान्याला दोरी बांधून ती मनगटात अडकवायची. नट सॉकेटमध्ये ठेवताना ग्रीसचं बोट लावायचं, म्हणजे तो गळत नाही. उघड्या भोकात मोठं फडकं कोंबायचं, पण शेपूट बाहेर ठेवून. आणि काम सुरू करण्याआधी सगळी हत्यारं गोणपाटावर ओळीनं मांडून मोजायची, झाकण लावण्याआधी पुन्हा मोजायची. शस्त्रक्रियेत पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे मोजतात. विमानांच्या दुरुस्तीत प्रत्येक हत्याराची आकृती फळ्यावर काढलेली असते, रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. आमच्या मिस्त्र्याचं गोणपाट त्यांचंच भावंड.

पण मोजणीत एक पाना कमी भरला आणि तो हेल्पर पोरानं पाडला असेल, तर? पाना हरवला की मजुरीतून पैसे कापायचे आणि वर चार शिव्या द्यायच्या, अशी रीत पुष्कळ ठिकाणी होती. तिथं पोरगं गप्प बसतं. झाकण लागतं, बोल्ट कसले जातात. पाना आत राहतो आणि चालकाला त्याचा पत्ता नसतो. आमच्या मोहल्ल्यातले एक उस्ताद म्हणून नव्या पोराला पाना हातात देण्याआधी एकच वाक्य सांगायचे, “गिर्‍या तो बोल देना, छुपाना नक्को.” आणि पोरगं खरंच बोललं, तर ते रागावत नसत. बॅटरी उचलायचे आणि त्याच्या शेजारी बसून शोधू लागायचे.

आता पोकलेन आणि जेसीबीचा जमाना आहे. जुने डोझर बहुतेक भंगारात गेले, काही अजून कुठे कुठे सपाटीकरणाला जुंपलेले दिसतात. पण झाकणामागे काही राहून जाणं हे फक्त डोझरमध्ये घडत नाही. दवाखाना असो, कचेरी असो की शाळा, चूक कबूल करणाऱ्याला आपण कसं वागवतो, यावर पुढच्या वेळी कोणी कबूल करेल की नाही ते ठरतं. उस्तादांना पान्याची किंमत माहीत होती. न सांगितलेल्या पान्याची किंमतही त्यांना ठाऊक होती.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)