फळा आणि पडदा (भाग 5) : संगणक कुणाच्या जागेवर बसतो?

मागच्या भागात आपण रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत जाऊन आलो. 2007 मध्ये तिथल्या मुलांच्या हाती हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, त्याची ती गोष्ट. मुलं हरखली, हे खरंच. पण संगणक आला म्हणून मुलांना गणित जास्त यायला लागतं का? आज या प्रश्नाकडे वळू.

त्यासाठी आधी बडोद्याला जावं लागेल. 2000 साली गुजरात सरकारने तिथल्या बहुतेक महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने दोन वर्षांनी पाहणी केली, तेव्हा प्राथमिकच्या मुलांना त्यांतले फारच थोडे वापरायला मिळत होते. संगणक होते, तास नव्हता. मग ‘प्रथम’ने चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास ठरवले : एक शाळेच्या वेळात, दुसरा शाळेआधी किंवा सुटल्यावर. एका संगणकावर दोन मुलं आणि पडद्यावर गणिताचे खेळ. गणित जमलं की पुढचं थोडं अवघड येणार. सोबत एक प्रशिक्षक असायचा, पण त्याने गणित शिकवायचं नव्हतं. अडलेल्या मुलाला खेळ समजावून द्यायचा आणि झेपेल तेवढ्या अवघड खेळाकडे त्याला न्यायचं, एवढंच त्याचं काम.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा परिणाम मोजला आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते असे समजून घेऊ : गुणांनुसार शंभर मुलांची रांग लावली आणि सर्वांत कमी गुणांपासून मोजत गेलो, तर पन्नासाव्या जागेवरचं मूल दुसऱ्या वर्षाअखेर साधारण अडुसष्टाव्या जागेवर पोहोचलं. हे थोडं नाही. अर्थात त्याला दोन मर्यादा होत्या. भाषेत काही फरक पडला नाही, आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात गणितातला फायदाही बराच ओसरला.

आता गुजरातमधलाच दुसरा प्रयोग पाहू. ‘ज्ञानशाला’ ही संस्था गरीब वस्त्यांमधल्या मुलांसाठी वर्ग चालवते. तिथे शिकवण्याची घडी नीट बसलेली असते. कुठल्या मिनिटाला काय करायचं, हे शिक्षिकेला ठाऊक असतं. ली लिंडेन या अर्थतज्ज्ञाने तिथे संगणकावरच्या गणिताची दोन रूपं तपासली. काही ठिकाणी संगणकाचा तास शाळेच्या वेळात, म्हणजे नेहमीच्या शिकवण्यातून वेळ काढून ठेवला. काही ठिकाणी तो शाळेबाहेरच्या वेळात, जादा म्हणून दिला. 2008 च्या त्याच्या अहवालात दोन टोकांची उत्तरं आहेत. जादा तासवाली मुलं आपल्या रांगेत सरासरीने पन्नासावरून साठीच्या आसपास चढली. शाळेच्या वेळात संगणकावर बसलेली मुलं मात्र तिशीच्याही खाली घसरली.

या दोन्ही गटांतली मुलं गरीब वस्त्यांमधलीच होती. फरक होता तो संगणक कुणाच्या जागेवर बसला याचा. चांगल्या शिक्षिकेचा तास काढून घेतला आणि तिथे खेळ ठेवला, तर नुकसान ठरलेलंच. रिकामा वेळ भरला, तर फायदा. म्हणून वर्गात संगणक आणताना ‘यावर काय काय करता येईल?’ याच्याआधी विचारायला हवं : ‘या तासाला आत्ता काय चालतं?’

नुसतं यंत्र हाती देऊन भागत नाही, हे पेरूमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसलं. खैराटसारखेच लॅपटॉप तिथल्या ग्रामीण शाळांमध्ये वाटले गेले. 319 शाळांच्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही. लॅपटॉप आले, शिकवणं जसं होतं तसंच राहिलं.

उलट दिल्लीतल्या ‘माइंडस्पार्क’ केंद्रांचा अनुभव. तिथे शाळा सुटल्यावर मुलं दीड तास यायची : निम्मा वेळ संगणकावर, निम्मा वेळ छोट्या गटात शिक्षकासोबत. इथे एक बोचरी गोष्ट समोर आली. सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि वरच्या वर्गांत ही दरी वाढतच जाते. वर्गातल्या बाईंना सहावीचं पुस्तक संपवायचं असतं. मुलगा तिसरी-चौथीच्या भागाकारात अडकलेला असतो. एका वर्गात चाळीस मुलं चाळीस ठिकाणी अडकली असतील, तर एका माणसाने काय करावं? संगणकाची खरी मदत इथे आहे. तो प्रत्येक मुलाला ते जिथे आहे तिथून उचलतो. साडेचार महिन्यांत ही मुलं गणितात स्पष्टपणे पुढे गेली.

वर्गात एकच संगणक आणि एक प्रोजेक्टर असेल, तरीही हाच हिशेब लागू होतो. समजा विद्युत परिपथ शिकवायचा आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाचा परिपथ-संच फुकट मिळतो, आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवायही चालतो. एक बल्ब लावून दाखवा. मग दुसरा, तसाच, एकसर जोडणीत लावायचा, पण लगेच नाही. आधी वह्या उघडायला सांगा : ‘काय होईल ते लिहा.’ बरीच मुलं लिहितील, पहिला बल्ब नीट पेटेल आणि दुसरा मंद, कारण पहिल्याने वीज खाऊन टाकली. मग जोडा. दोन्ही सारखेच मंद! आता वर्ग आपोआप भांडायला लागतो, आणि त्या भांडणात एकसर परिपथातला प्रवाह सगळीकडे सारखाच असतो, हे मुलांच्या गळी उतरतं. वह्या उघडायच्या आधीच चित्र दाखवलं असतं, तर मुलं ‘हं’ म्हणाली असती आणि बाहेर पडताना पहिल्या बल्बने वीज खाल्ली, हेच मनात घेऊन गेली असती.

इथे संगणक बाईंच्या जागेवर बसला नाही. बाईंच्या खडूने जे हलतं-पेटतं दाखवता येत नव्हतं, त्या रिकाम्या जागेवर बसला.

पुढच्या भागात : इंटरनेटवरून उतरवलेला प्रकल्प-अहवाल आणि मुलाने स्वतः केलेला, यांत फरक ओळखायचा कसा?