संगणकीय दप्तराची किल्ली

दरवर्षी हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रालयाचे दप्तर नागपुरास येते. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून होणाऱ्या या प्रवासात पूर्वी कागदांचे गठ्ठे आणि कुलूपबंद पेट्या असत. आता त्यांच्या जोडीला पेनड्राइव्ह व ई-मेल आले आहेत. पेटीची किल्ली कार्यभार सोपविताना हाती दिली जाते. फाईलीचा पासवर्ड मात्र बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या स्मरणात तसाच राहतो. म्हणून तो बदलणे हे कार्यभार हस्तांतरणाचेच अंग समजावयास हवे.

ई-आधारची पीडीएफ प्रत नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्मवर्ष यांनी उघडते. नागरिकाच्या दृष्टीने ही सोय चांगली. परंतु शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव व जन्मतारीख शेजारीशेजारीच असतात! घरकुलाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या प्रकरणांसाठी अशा प्रती कार्यालयात साठविल्या जात असतील, तर त्यांना वेगळे कुलूप घालणे इष्ट होय.

प्रती शेकड्यांनी असल्यास एकेक उघडून हे काम करणे जिकिरीचे ठरते. अशा वेळी क्यूपीडीएफ हे विनामूल्य साधन उपयोगी पडते. त्याला खिडक्या व बटणे लागत नाहीत. संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकलिखित करावयाची असते. आज्ञेत क्रमाने जुना पासवर्ड, नवा पासवर्ड, कुलपाची ताकद म्हणून २५६ हा आकडा, मूळ फाईलीचे नाव व नव्या फाईलीचे नाव द्यावे. साधन जुन्या किल्लीने मजकूर उलगडते व नव्या किल्लीने पुन्हा बंद करून दुसरी फाईल तयार करते. ती उघडून पाहिल्यावाचून मूळ प्रत नष्ट करू नये. पीडीएफचे जुने ४० बिटांचे कुलूप आज कुलूप म्हणण्याच्या योग्यतेचे राहिलेले नाही.

येथे एक धोका सहसा ध्यानात येत नाही. टंकलिखित केलेल्या आज्ञा संगणक आपल्या इतिहासात जपून ठेवू शकतो, आणि त्यांत पासवर्डही असतो. सामायिक संगणकावर हे म्हणजे किल्ली दारावरच टांगून ठेवणे झाले. आज्ञेतील तपशील स्वतंत्र फाईलीतून वाचण्याची सोय या साधनात आहे. तिचा उपयोग करून ती फाईल लगेच काढून टाकावी.

छपाई किंवा नक्कल यांना मनाई करणारा दुसरा पासवर्डही पीडीएफमध्ये असतो. त्यावर फारशी भिस्त ठेवू नये. ती मनाई पाळणे न पाळणे हे वाचणाऱ्या प्रणालीवरच अवलंबून असते.

पूर्वी ई-मेलने गेलेल्या प्रती जुन्याच पासवर्डने उघडत राहतील. तेव्हा त्या कोणाकडे गेल्या याची नोंद आवक-जावक वहीत पाहून त्या परत न मागता नष्ट करण्यास कळवावे. नवा पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखांच्या कपाटात ठेवावा. लांब व अनपेक्षित पासवर्ड विसरला गेल्यास २५६ बिटांचे हे कुलूप उघडून देणारा कारागीर मिळत नाही.