सर्व्हर मध्येच का थांबतो? मेमरीच्या साफसफाईवर नजर

समजा, पीकविम्याची शेवटची तारीख आहे. परभणीतल्या एका सेवा केंद्रात तुम्ही अर्ज भरताय. ‘सबमिट’ दाबलं आणि पान गोठलं. आपण लगेच नेटला दोष देतो. पण कधीकधी नेट ठीक असतं. पलीकडचा सर्व्हरच थांबलेला असतो.

असं का होतं?
जावामधले प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनवर चालतात. काम संपलेल्या डेटाने अडवलेली मेमरी हे मशीन स्वतःच मोकळी करतं. यालाच गार्बेज कलेक्शन म्हणतात. या साफसफाईच्या काही टप्प्यांत प्रोग्रामला थांबावं लागतं.

कारण कसं शोधायचं?
त्यासाठी व्हर्च्युअल मशीनच्या कोडमध्येच ‘ट्रेसिंग प्रोब’, म्हणजे नोंदीच्या जागा ठेवतात. २००६ साली आलेल्या जावा ६ मध्ये सोलारिसवरच्या डीट्रेस या साधनासाठी असे प्रोब होते. एक सफाई सुरू होताना नोंद देतो, दुसरा संपताना. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे सफाईला लागलेला वेळ. आणखी एक जोडी सफाईच्या आधी आणि नंतर किती मेमरी वापरात आहे ते सांगते. नोंद घेणं बंद असेल तेव्हा प्रोबचा भार जवळपास शून्य असतो, म्हणून ते चालू सर्व्हरवरही ठेवता येतात.

उपयोग काय?
अर्ज अडकल्याची आणि सफाईची वेळ जुळली, तर संशय नेटवरून सफाईवर येतो. दर पूर्ण सफाईनंतरही वापरातली मेमरी वाढतच राहिली, तर प्रोग्राम नको असलेला डेटा धरून बसलाय, अशी शंका घ्यावी. तेव्हा जास्त मेमरी विकत घेणं म्हणजे दिवस ढकलणं. दुरुस्ती कोडमध्येच करावी लागते.