नेपाळला जाताय? आधी उंचीचं गणित मांडा

परदेशच्या सहलीत काय काय करायचं हे ठरवताना आपण काय पाहतो? किती ठिकाणं आहेत, किती दिवस आहेत आणि किती पैसे लागणार आहेत. मीही एवढंच पाहत असे. 2018 च्या ऑक्टोबरात नेपाळला गेलो आणि यात आणखी एक आकडा धरावा लागतो, हे चांगलंच समजलं. त्या आकड्याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

आम्ही सहा जण होतो. वेळापत्रक मीच आखलं होतं. काठमांडूत पशुपतिनाथ, मग पोखरा, तिथून विमानानं जोमसोम, त्याच दिवशी जीपनं मुक्तिनाथ, रात्री वर मुक्काम, पहाटे दर्शन आणि परत. मुक्तिनाथ हे सगळ्यांत मोठं आकर्षण होतं. आमच्या आईची तिथं जायची फार इच्छा होती, ती राहून गेली. तिच्या नावानं त्या 108 धारांखाली स्नान करायचं, असं थोरल्या अण्णांनी मनाशी धरलं होतं. अण्णा तेव्हा सहासष्ट वर्षांचे. रोज पहाटे पर्वती चढणारे. त्यामुळे आमच्यात काळजी कोणाची करायची, तर गुडघेदुखीच्या वहिनींची, असं आम्ही गृहीत धरलं.

आता आकडे पाहा. पोखरा समुद्रसपाटीपासून साधारण 820 मीटरवर. जोमसोम 2,700 मीटरच्या आसपास. विमानाला लागतात वीसेक मिनिटं. मुक्तिनाथ 3,700 मीटरच्याही वर. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटरचं. म्हणजे सकाळी चहा प्यायलो तिथपासून संध्याकाळी जेवायला बसलो तिथपर्यंत आम्ही जवळपास दोन कळसूबाई एकावर एक ठेवून चढलो होतो, आणि तेही बसल्या बसल्या!

रात्री अण्णांचं डोकं दुखायला लागलं. जेवण नको म्हणाले. उलटी झाली. पित्त असेल, प्रवासाचा शीण असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. गोळी दिली आणि झोपा म्हटलं. पहाटे ते उठले तेव्हा पाय टाकताना झोकांड्या जात होत्या. दर्शन एवढं जवळ आलंय, चला, असा त्यांचाच आग्रह. पण लॉज चालवणाऱ्या बाईंनी त्यांना अंगणात चालताना पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दाजू, वर नाही. खाली. आत्ता."

जीप मिळाली, ती आमच्या नशिबानं. मी अण्णांना घेऊन खाली उतरलो. जोमसोमच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी आणखी खाली जायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा निवळला. बाकीचे दर्शन करून आले. वहिनींनी एका बाटलीत धारांचं पाणी आणलं होतं. अण्णांनी ते डोळ्यांना लावलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला कोणी बोललं नाही. पण वेळापत्रकाचा कागद माझ्याच खिशात होता.

झालं होतं काय? उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही कमी होतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. तो वेळ दिला नाही तर साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. डोकेदुखी, भूक मरणं, मळमळ, चक्कर, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं किंवा बसल्या जागी धाप लागणं, ही धोक्याची घंटा. मेंदूवर किंवा फुप्फुसांत सूज येत असल्याची ती खूण असू शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. मुख्य म्हणजे हा त्रास धडधाकट माणसालाही होतो. रोजच्या व्यायामानं दम टिकतो, पण या त्रासापासून संरक्षण मिळत नाही. उलट असा माणूस दुखणं अंगावर काढतो.

गिर्यारोहणातले जाणकार एक साधा नियम सांगतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवायचा. लक्षणं दिसली तर ती जाईपर्यंत वर चढायचं नाही. या त्रासावर आधीपासून घ्यायच्या गोळ्या आहेत, पण त्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच. म्हणून सहलीचा कागद हातात आला की प्रत्येक मुक्कामापुढे उंची लिहून काढा. ज्या रात्री आकडा एकदम उडी मारतो, तिथं बोट ठेवून प्रश्न विचारा.

साहसाच्या इतर प्रकारांनाही असाच एकेक प्रश्न विचारावा लागतो. पोखऱ्याजवळच्या डोंगरांवरून पॅराग्लायडिंग करतात, खाली फेवा ताल आणि समोर अन्नपूर्णेची रांग. तिथं विचारायचं ते हे, की वारा वाढला तर उड्डाण रद्द करता का, आणि पैशांचं काय? 'काही होत नाही हो' असं उत्तर देणाऱ्यापेक्षा 'रद्द करतो' म्हणणारा माणूस बरा. त्रिशूली नदीत राफ्टिंग चालतं. नदीच्या धारेला एक ते सहा अशी प्रतवारी असते. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं कोणत्या टप्प्यात कितवी प्रत आहे हे विचारावं. पावसाळ्यात तीच नदी वेगळी असते. विम्याची कागदपत्रंही नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ आणि ठरावीक उंचीच्या वरचा प्रवास वगळलेला असतो. हेलिकॉप्टरनं खाली आणायची वेळ आली तर तो खर्च कोण देणार, हे घरी असतानाच माहीत हवं.

आणि संस्कृतीचं काय? तिथं विचारायचं ते पंचांगाला. काठमांडूची इंद्रजात्रा आपल्या अनंत चतुर्दशीच्या सुमारास येते. इकडे गणपती विसर्जनाला निघतात, तेव्हा तिकडे कुमारीचा रथ निघतो. दशैं म्हणजे आपलं नवरात्र आणि दसरा. त्या दिवसांत कपाळावर टिका लावून घेणारी कुटुंबं घरोघर दिसतात, पण बरीच दुकानं बंद असतात आणि माणसं गावी गेलेली असतात. भक्तपूरला दोन तास देऊन फोटो काढून निघू नका. एक रात्र राहा. 1702 साली बांधलेलं पाच छपरांचं न्यातपोल मंदिर 1934 आणि 2015 या दोन्ही भूकंपांत उभं राहिलं. सहलीच्या गाड्या परतल्या की त्याच्या पायऱ्यांवर गावातली माणसं गप्पा मारत बसतात. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर योमरी जरूर खा. तांदळाच्या उकडीत काकवी आणि तीळ. आपल्या मोदकाचा चुलतभाऊच तो!

खरं तर त्या सहलीतल्या चांगल्या आठवणी अशाच, न पळता मिळालेल्या आहेत.

2022 मध्ये आम्ही पुन्हा गेलो, यावेळी डॉक्टरांना विचारून आणि गाडीरस्त्यानं. तातोपानीला एक मुक्काम, मग सफरचंदांच्या बागांच्या मार्फा गावात दोन. मुक्तिनाथला मुक्काम ठेवलाच नाही. सकाळी वर जायचं, दुपारी खाली यायचं. मार्फाच्या मोकळ्या दिवशी अण्णा काली गंडकीच्या पात्रात शाळिग्राम शोधत हिंडले. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता, त्यातल्या प्राण्यांचे हे जीवाश्म, असं मी सांगत होतो. ते म्हणाले, "समुद्राला वर यायला एवढी वर्षं लागली, आणि तू मला एका दिवसात नेलंस होय!"

दुसऱ्या दिवशी ते 108 धारांखालून गेले. सावकाश, एकेक धार मोजत.